मध्यमानांची तुलना आणि कपाशीचे शेत : एकमार्गी प्रचरण विश्लेषणाच्या उपयोजनाची चिकित्सा

मलकापूर परिसरातील कोरडवाहू शेतकऱ्याला कपाशीच्या वाणाची निवड वर्षातून एकदाच करता येते. जूनमधील चूक वेचणीच्या वेळी कळते आणि तोवर उपाय उरलेला नसतो. त्यामुळे ‘अमुक वाणाचे सरासरी उत्पादन सार्थकरीत्या अधिक आढळले’ हे वाक्य कोणत्या आधारावर लिहिले गेले, याची चिकित्सा आवश्यक ठरते. हा आधार पुष्कळदा एकमार्गी प्रचरण विश्लेषणाचा, म्हणजेच ‘अनोव्हा’चा असतो.

या पद्धतीचा जन्मच मुळी शेतीच्या प्रयोगांतून झाला. रोनाल्ड फिशर हे १९१९ मध्ये इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात रुजू झाले आणि १९२५ च्या आपल्या ग्रंथाद्वारे त्यांनी ती संशोधकांपर्यंत पोहोचविली. भारतात वि. गो. पानसे व पां. वा. सुखात्मे यांचा याच विषयावरील इंग्रजी ग्रंथ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केला. सुखात्मे हे मूळचे सातारा जिल्ह्यातील बुध या गावचे.

पद्धतीचे स्वरूप एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. तीन वाणांचे प्रत्येकी पाच वाफे घेतले व उत्पादन हेक्टरी क्विंटलमध्ये पुढीलप्रमाणे आले असे मानू : पहिल्याचे ८, ९, १०, ११, १२, दुसऱ्याचे १० ते १४, तिसऱ्याचे १२ ते १६. मध्यमाने अनुक्रमे १०, १२ व १४ येतात. गटांमधील वर्गबेरीज ४० असून स्वाधीनता मात्रा २, म्हणून माध्य वर्ग २०. गटांतर्गत वर्गबेरीज ३० व स्वाधीनता मात्रा १२, म्हणून माध्य वर्ग २.५. एफ गुणोत्तर ८ येते. ०.०५ स्तरावरील सारणीमूल्य ३.८९ असल्याने शून्य परिकल्पनेचा त्याग करावा लागतो.

अनेक प्रबंधिकांतील विवेचन येथेच थांबते, आणि खरी अडचण येथूनच सुरू होते. एफ एवढेच सांगतो की तिन्ही मध्यमाने समान नाहीत. कोणते कोणापासून भिन्न, हे तो सांगत नाही. वरील उदाहरणात क्रांतिक फरक २.१८ येतो. पहिल्या व तिसऱ्या वाणातील ४ क्विंटलचा फरक त्यापेक्षा मोठा आहे, परंतु लगतच्या वाणांतील २ क्विंटलचा फरक नाही. म्हणजे सार्थक एफ असूनही दुसरा वाण पहिल्यापेक्षा सरस ठरविण्यास हा प्रयोग पुरेसा नाही.

याहून गंभीर दोष मांडणीचा आहे. प्रत्येक वाणाचे पाचही वाफे एकाच शेतकऱ्याच्या शेतात असतील, तर एका शेताची खोल काळी जमीन आणि दुसऱ्याची मुरमाड जमीन यांतील अंतरही वाणाच्या खाती जमा होते. कागदावर पंधरा निरीक्षणे दिसली, तरी स्वतंत्र घटक तीनच असतात. प्रत्येक वाणाला एक. अशा वेळी गटांतर्गत स्वाधीनता मात्रा शून्य होते आणि एफ काढताच येत नाही. संगणक मात्र तो निमूटपणे काढून देतो! तीन महाविद्यालयांत तीन अध्यापन पद्धती वापरून गुणांची तुलना करणाऱ्या शैक्षणिक संशोधनातही हाच दोष आढळतो. तेथे शेताची जागा वर्ग घेतो.

तीनच शेते उपलब्ध असल्यास प्रत्येक शेतात तिन्ही वाण घ्यावेत व कोणत्या वाफ्यात कोणता वाण हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. मग विश्लेषण एकमार्गी राहत नाही. शेत हा दुसरा घटक म्हणून सारणीत येतो आणि जमिनीचा फरक वाणाच्या फरकापासून वेगळा काढता येतो.