अभिमान : वाटण्याचा आणि धरण्याचा

चिखलीहून खामगावच्या रस्त्याला लागले, की अमडापूरनंतर उंद्री येते. गावाला उदयनगर हे दुसरे नावही आहे. या पट्ट्यात शेताच्या धुऱ्यावर उभे राहून कान दिला, तर माणसाच्या ताठ्याविषयी बोलायला किती शब्द रोजच्या वापरात आहेत ते कळते. ‘त्याले माज आला’, ‘त्याची रग जिरली’, ‘लय तोऱ्यात असते तो’. पण लेक शिकून नोकरीला लागली, की तोच माणूस यांतला एकही शब्द वापरत नाही. तो ‘अभिमान’ म्हणतो. शब्दकोशात अभिमान, गर्व, अहंकार, ताठा हे शब्द एकमेकांचे अर्थ म्हणून येतात. बोलणारा माणूस मात्र त्यांची गल्लत करत नाही.

हा फरक शोधायचा तर नामापेक्षा त्याच्या जोडीला येणारे क्रियापद पाहावे. मान मिळतो किंवा दिला जातो. तो दुसऱ्याच्या हातात असतो. पोळ्याला तोरणाखालून पहिला जाणारा बैल मानाचा असतो, पण तो मान गाव देते. गर्व होतो आणि पुढे त्याचे हरण होते. पुराणकथांतली गर्वहरणे आपण लहानपणापासून ऐकत आलो. माज येतो, चढतो आणि उतरवला जातो. हा शब्द गुराढोरांचा आणि रानाचा. गाय माजावर येते, तण माजते. वाढ आहे, पण तिला धरबंध नाही, एवढे त्यात अभिप्रेत असते. तोरा मिरवला जातो. त्याला बघणारा लागतो. ताठा शरीरात दिसतो. गंमत म्हणजे ‘ताठ मान’ ही स्तुती, आणि ‘ताठा’ हा दोष.

अभिमानाचे वागणे या सगळ्यांहून वेगळे आहे. तो वाटतो, बाळगला जातो आणि जुन्या मराठीत धरला जातो. शिवाय त्याला ‘कशाचा?’ किंवा ‘कोणाचा?’ हा प्रश्न चिकटलेला असतो. माज नुसता येऊ शकतो. अभिमान कशाचा तरी असावा लागतो. त्याला वाईट ठरवायचे तर ‘दुरभिमान’ किंवा ‘वृथा अभिमान’ असे काही जोडावे लागते. गर्वाला अशी जोड लागत नव्हती. अलीकडे हिंदीच्या प्रभावाने ‘मला गर्व आहे’ हे कौतुकाने म्हटले जाते. ज्यांचे कान ‘गर्वाचे घर खाली’ ऐकत घडले, त्यांना ते अजून खटकते.

पण अभिमान हा शब्द मुळापासून सज्जन होता असे मानायचे कारण नाही. गीतेच्या 16व्या अध्यायात तो दंभ आणि दर्प यांच्या पंगतीत, आसुरी संपत्तीत बसला आहे. ज्ञानेश्वरांनी तिथे या तिघांचे वेगवेगळे विवरण केले आहे. म्हणजे हे शब्द एकच नाहीत याची जाण मराठीला पहिल्यापासून आहे. 13व्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांची सुरुवातच अमानित्वापासून होते. सांख्यकारिकेत तर अहंकाराची व्याख्याच अभिमान अशी केली आहे. आज अभिमानाच्या जोडीने फिरणारा ‘अस्मिता’ हा शब्द पतंजलीच्या योगसूत्रांत पाच क्लेशांपैकी एक होता. ज्यातून सुटायचे, ते आता जपायचे झाले आहे.

हा प्रवास नुसता अधोगतीचा नाही. अभिमान म्हणजे मुळात ‘हे माझे’ असे मानणे. या मानण्याला दोन वाटा फुटतात. ‘हे माझे, म्हणून मी मोठा’ ही एक. ‘हे माझे, म्हणून याचे बरेवाईट मी पाहीन’ ही दुसरी. संतांच्या मराठीत दुसरी वाट ठळक आहे. रामदासांच्या मनाच्या श्लोकांत राम ‘दासाभिमानी’ आहे. दासामुळे रामाची छाती फुगते, असा त्याचा अर्थ नाही. तो दासाला आपला मानतो आणि उपेक्षित नाही, असा आहे. इथे अभिमान समर्थाने दुबळ्याचा धरायचा असतो, आणि धरला की त्याचे ओझे आपल्या अंगावर येते. आज आपण अभिमान ‘वाटणे’ तेवढे ठेवले. ‘धरणे’ सोडून दिले.

हा भेद हाताशी घेऊन सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ वाचून पाहावी. देशमुख अमडापूरचे, म्हणजे उंद्रीचे शेजारी. कादंबरी 2002 साली आली आणि 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. तिच्याविषयी बोलताना शेतकऱ्याची दैना, नापिकी, कर्ज हे विषय येतात, आणि ते योग्यच आहे. पण ती अभिमानाविषयीचीही कादंबरी आहे. एकनाथ उच्चशिक्षित आहे. संस्थेला पैसे दिल्याशिवाय नोकरी नाही, आणि ते पैसे आणायचे तर जमिनीकडे बघावे लागते. बाप सुभानराव जमिनीला धरून आहे. बायको अलकाला या घरात आपले भविष्य दिसत नाही.

सुभानरावाच्या वागण्याला हट्ट म्हणणे सोपे आहे. एकनाथाच्या घुसमटीला शिकलेल्याचा अहंकार म्हणणेही सोपे आहे. माझ्या वाचनात दोन्ही निदाने चुकतात. बापाचा जमिनीविषयीचा अभिमान धरण्याच्या जातीचा आहे. जमीन मिरवायला त्याच्यापाशी काही उरलेले नाही. तिचे करणे मात्र चुकलेले नाही. मुलाला पदवीचा अभिमान वाटावा अशी तजवीज घराने केली, पण त्या पदवीचा अभिमान धरणारे बाहेर कोणीच नाही. घराने शिक्षणावर टाकलेला विश्वास व्यवस्थेने उचलला नाही. त्यामुळे अभिमान हळूहळू शरमेत उतरतो आणि घरातली माणसे एकमेकांवर ओरखडे काढू लागतात. अलकाही या हिशेबात खलनायिका ठरत नाही. तिचा अभिमान धरायला तरी त्या घरात कोणाला उसंत आहे?

स्वाभिमानाचा अर्थही इथेच उलगडतो. ज्याचा अभिमान दुसरे कोणी धरत नाही, त्याला तो स्वतःच धरावा लागतो. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी केवळ तहान भागवायला गेले नव्हते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ असे म्हटले, तेव्हाही तोच शब्द वेगळ्या रूपात उभा राहिला. या दोन्ही ठिकाणी स्वाभिमान एकट्याचा राहिला नाही. माणसांनी तो मिळून धरला. उलट ‘आमचा शेतकरी फार स्वाभिमानी, कोणापुढे हात पसरत नाही’ ही स्तुती तपासून घ्यावी लागते. सावकाराच्या आणि बँकेच्या मधे अडकलेल्या माणसाला ती सांगते, की तुझे तूच निस्तर. विदर्भातल्या ज्या 6 जिल्ह्यांसाठी 2006 साली पंतप्रधानांचे 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले, त्यांत बुलडाणा होता. इथे शब्दांची अशी हयगय परवडत नाही.

हीच कसोटी आपल्यालाही लावायला हवी. सिंदखेडराजा जिजाऊंचे जन्मस्थान, म्हणून आपण जिल्ह्याला मातृतीर्थ म्हणतो. 12 जानेवारीला तिथे लोटणाऱ्या गर्दीत खरा जिव्हाळा असतो, यात शंका नाही. पण शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे असलेल्या मुलींची जिल्ह्यातली संख्या 2001 च्या जनगणनेत 900 च्या वर होती. 2011 मध्ये ती 900 च्या खाली आली. जिजाऊंचा अभिमान आपल्याला वाटत होता. त्याच दहा वर्षांत पोटातल्या लेकीचा अभिमान किती घरांनी धरला, ते हा आकडा सांगतो.

म्हणून ‘आम्हाला अभिमान आहे’ असे फलकावर, भाषणात किंवा पुस्तकाच्या मलपृष्ठावर दिसले, की त्याला माज किंवा गर्व म्हणून झटकून टाकू नये आणि लगेच टाळ्याही वाजवू नयेत. ज्याचा अभिमान आहे, त्याच्यासाठी काय उचलले, एवढे विचारावे. ‘बारोमास’ला पुरस्कार मिळाला, तेव्हा या भागाला अभिमान वाटला, आणि तो वाटायलाच हवा होता. पण धुऱ्यावर अजून सुभानराव उभे आहेत, आणि त्यांचा अभिमान कोण धरणार, हा कादंबरीने विचारलेला प्रश्न आपण अजून आपल्याकडे घेतलेला नाही.