बेसमेंटमधली वाकळ

आमच्या बेसमेंटमध्ये नियम एकच आहे. सुई पडली की सापडेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. खाली जाड कार्पेट आहे. त्यात गेलेली सुई नंतर सापडते ती नेमकी कुणाच्या तरी नातवाच्या तळपायाला. म्हणून "पडली गं" असा आवाज आला की आठ बायका जिथल्या तिथे थिजतात आणि मी लोहचुंबक बांधलेली काठी घेऊन गुडघ्यांवर येते. दर गुरुवारी एकदा-दोनदा तरी हा सोहळा होतो. बाकी बारीकसारीक पथ्यं आहेत: सकाळी दहाला जमायचं, चहा वर स्वयंपाकघरातच घ्यायचा, आणि तेलकट हातांनी कापडाला शिवायचं नाही. दोन्ही अर्थांनी.

'परदेशात जपलेली कला' या विषयावर स्मरणिकेसाठी लिहा, असा संपादकांचा फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. कला म्हणजे गाणं, नाच, फार तर रांगोळी. आम्ही जुन्या साड्यांच्या वाकळा शिवतो. आमच्या साताऱ्याकडे त्या कुणी कला म्हणून शिवत नव्हतं, थंडी वाजायची म्हणून शिवत होते. संपादक म्हणाले, तेच लिहा.

आधी नावाचा वाद मिटवते. मी वाकळ म्हणते. पुण्याची मैत्रीण गोधडी म्हणते आणि 'वाकळ' ऐकलं की किंचित नाक मुरडते. धारवाडला वाढलेली आमची एक जण कौदी म्हणते. सोलापूरच्या वहिनी दोन्ही-तिन्ही शब्द वापरतात, म्हणजे कुणालाच दुखवत नाहीत. अमेरिकन शेजारणींना आम्ही सगळ्या मिळून 'क्विल्ट' सांगतो. ते चूक आहे. का चूक, ते पुढे येईलच.

मी १९८६ साली शिकागोजवळच्या उपनगरात आले तेव्हा शिवण ही माझी हौस नव्हती, अडचण होती. इथे तयार ब्लाऊज मिळायचे ते कुठल्याच माणसाच्या मापाचे नसायचे आणि डेव्हन अव्हेन्यूपर्यंत जायचं तर नवऱ्याच्या सुट्टीची वाट बघायची. भारतातून मोटारीचं मशीन आणलेली एक मैत्रीण होती. इथली वीज ११० व्होल्टची आणि तिची मोटर २२० ची, त्यामुळे ते मशीन गोगलगाईसारखं चालायचं. एक टीप मारून होईपर्यंत वरण उकळून जायचं. तरी तिथेच बसून मी मापाचा ब्लाऊज उसवून त्यावरून बेतायला शिकले. मुंढा चार वेळा चुकला. पाचव्यांदा जमला आणि मी इथल्या मराठी मंडळाची शिंपीण झाले. तेव्हापासून परकर-पोलकी, मुंजीतल्या बटूंच्या लंगोट्या, फॉल, नाटकातले अंगरखे सगळं माझ्याकडे. एका गणपतीत लेझीमच्या मुलींसाठी शिवलेल्या नऊवाऱ्यांतल्या सहा नऊवाऱ्यांचा कासोटा मी उलटा जोडला होता, हे मिरवणुकीच्या दिवशी सकाळी कळलं. त्याबद्दल मी एवढंच म्हणेन की त्या मुली आता तिशीच्या आहेत आणि अजूनही भेटल्या की विषय काढतात.

वाकळेकडे मी वळले ते शेजारच्या आजींमुळे. त्या कॅन्ससमधल्या शेतकऱ्याची मुलगी. मी ओळख करून घ्यायला गेले तेव्हा जेवणाच्या टेबलावर मशीन घेऊन त्या बसल्या होत्या. काळं, सोनेरी नक्षीचं, खेळण्याएवढं सिंगर फेदरवेट. हे मॉडेल १९३३ साली निघालं. अंग अॅल्युमिनियमचं आणि वजन अवघं ११ पौंड, त्यामुळे पेटीत घालून पिशवीसारखं नेता येतं. आजी सांगायच्या, त्यांच्या लहानपणी, मंदीच्या काळात, पीठ आणि कोंबड्यांचं खाद्य फुलाफुलांच्या सुती गोण्यांतून यायचं. गिरणीवाल्यांना ठाऊक होतं की घरची बाई गोणी धुऊन तिचाच फ्रॉक शिवणार. म्हणून वडील दुकानात निघाले की आई नमुन्याची चिंधी हातात द्यायची: याच फुलांची गोणी आणा, फ्रॉकला अजून एक लागेल.

मी विचारलं, शेतात काय पिकायचं? त्या म्हणाल्या, गहू आणि मायलो.

मायलो! म्हणजे आमची मिलो. रेशनवरची लाल ज्वारी. बाहत्तरच्या दुष्काळात तिच्या भाकरी खाऊन आमच्या पिढीने अमेरिकेला शिव्या दिल्या, की जनावरांचं खाणं माणसांना पाठवलं म्हणून. मी हे आजींना सांगितलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, आम्हीही ती गुरांनाच घालायचो. मग दोघी इतक्या हसलो की त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. आमची मैत्री तिथून सुरू झाली. पुढे बारा वर्षं दर मंगळवारी मी त्यांच्या टेबलाशी बसले. अखेरीस त्या मुलीकडे राहायला निघाल्या तेव्हा फेदरवेट मला दिलं. फुकट नाही, पाच डॉलर घेतले. फुकट दिलेल्या मशीनला कुणी तेल घालत नाही, असं त्यांचं म्हणणं.

माझी आई २००४ साली गेली. मी पोचले तेव्हा दिवस झाले होते. परत येताना बॅगेत तिची अकरा लुगडी होती, कारण वहिनी म्हणाली, "वन्सं, तुम्ही नेता का? इथे बोहारणीला द्यायला हात होत नाही." ती लुगडी तीन वर्षं माझ्या कपाटात तशीच. नेसणार नव्हते, देणार नव्हते. मंडळात हळूहळू कळत गेलं की अशी गाठोडी प्रत्येकीच्या कपाटात आहेत. कुणाच्या आईची, कुणाच्या सासूची, एकीच्या वडिलांची धोतरं. गावी वाकळ शिवली जायची ती कापड वाया घालवणं परवडत नव्हतं म्हणून. इथे कापडाला तोटा नाही. इथे वाकळ शिवली जाते ती विमानातून आणलेलं गाठोडं टाकवत नाही म्हणून. भारतातल्या माझ्या भाच्या विचारतात, "आत्या, ऑनलाइन मिळतात की आता गोधड्या, कशाला डोळे फोडतेस?" मिळतात, सुरेख मिळतात. पण त्यांत माझी आई नाही.

त्याच सुमारास लायब्ररीत एक पुस्तक हाती लागलं, अलाबामातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायकांच्या क्विल्टचं. २००२ साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटं काढली. त्या पुस्तकात मिझूरी पेटवे नावाच्या बाईची १९४२ सालची एक क्विल्ट आहे. नवरा गेल्यावर तिने त्याच्या शेतात घालायच्या कपड्यांतून ती शिवली, त्याच्या आठवणीत पांघरायला. विटक्या निळ्या विजारींचे लांब तुकडे आहेत नुसते. ते पान मी आमच्या मंडळींना दाखवलं. कुणी काही बोललं नाही. पुढच्या गुरुवारी आठ जणी आपापली गाठोडी घेऊन आल्या.

आता 'क्विल्ट' म्हणण्यातली ती चूक. क्विल्टवाल्या बाया चांगलं नवं कापड विकत आणतात, चक्रीसारख्या कटरने त्याचे तुकडे करतात, ते पाव इंच शिवण धरून पुन्हा जोडतात आणि मध्ये कापसाचा तयार थर घालतात. आमच्याकडे कात्री शक्यतो लागतच नाही. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. लुगड्याची चौघडी घातली की ८१ इंच लांबी आपसूक येते, रुंदीला पन्हा असतोच, साधारण ४५ इंच. एका माणसाचं पांघरूण एका लुगड्यात. आत आणखी एखादी विरलेली साडी पसरायची. सुतीच हवी. नायलॉन घातलं तर थर एकमेकांवरून घसरतात आणि जरीचा काठ आला तर सुई मोडते. कापूस नाही, काही नाही. ऊब येते ती थरांमुळे, आणि मऊपणा येतो तो त्या बाईने ते लुगडं वीस वर्षं नेसल्यामुळे. तो विकत आणता येत नाही.

जमिनीवर चादर अंथरून त्यावर थर पसरायचे, चार कोपऱ्यांवर पाण्याने भरलेले तांबे ठेवायचे आणि काठाकडून आत धावदोरा घालत जायचं, चौकोनात चौकोन. ओळींत एक इंच अंतर आणि इंचाला चार टाके धरले तर एका वाकळेला साडेचौदा हजार टाके पडतात. हा हिशेब माझा नाही, सोलापूरच्या वहिनींच्या निवृत्त इंजिनिअर यजमानांचा. त्यांनी पुढे असंही सिद्ध केलं की मिनिटाला दहा टाके आणि आठ बायका धरल्या तर काम दुसऱ्या गुरुवारी संपायला हवं. आम्हाला अडीच महिने लागतात. बाकीच्या वेळाचं काय होतं, ते त्यांनी विचारलं नाही. शहाणे आहेत.

शिवता शिवता हात ओळखीचे होतात. वहिनींचा दोरा घट्ट, त्यांच्या वाट्याच्या कापडाला बारीक चुण्या पडतात. पुण्याची आधी खडूने पट्टी मारून घेते. धारवाडची डावखुरी, तिचे टाके उलट्या बाजूला कलतात. दिवे घालवले तरी वाकळेवर हात फिरवून कुठला पट्टा कुणाचा ते मी सांगू शकते.

सगळं गोड असतं असं नाही. एकीच्या आईचं तांबडं इरकल आणि वडिलांची पांढरी धोतरं मिळून आम्ही वाकळ केली होती. धुऊन देते म्हणून मी ती घरी ठेवून घेतली आणि मशीनमध्ये गरम पाण्यात टाकली. काढली तेव्हा धोतरं गुलाबी. मला रात्रभर झोप नाही. तिला दाखवली तेव्हा ती "चालेल" म्हणाली आणि पुढचे दोन गुरुवार आली नाही. तिसऱ्या गुरुवारी आली ती सुटलेला रंग शोषून घेणाऱ्या कागदांचा डबा घेऊन. डबा माझ्या हातात ठेवला आणि सुईत दोरा ओवायला बसली. त्या विषयावर आमचं बोलणं एवढंच. तेव्हापासून प्रत्येक लुगडं आधी एकेकटं, गार पाण्यात, मिठात.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पाच जणी गाडी काढून केंटकीतल्या पडूकाला गेलो. सहा तासांचा रस्ता, डब्यात दशम्या. तिथे १९९१ पासून खास क्विल्टचं राष्ट्रीय संग्रहालय आहे आणि गाव तर क्विल्टवेडंच आहे. इंचाला दहा-बारा टाके घातलेलं हातकाम पाहून आम्ही आमचे चार टाके पदराआड लपवले. पण खरी मजा पुढेच. बाहेर बाकावर एक गोरी बाई मांडीवर काहीतरी शिवत होती. काठाकडून आत, चिंधीला चिंधी लावत, टाचण्या न टोचता. धारवाडची थांबलीच. "हे काय आहे?" असं तिने विचारलं तर त्या बाई म्हणाल्या, "कवंदी." हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांची कौदी! आफ्रिकेतून आलेल्यांचे हे वंशज उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जंगलपट्ट्यात राहतात, त्यांच्यातले कितीतरी कोकणी-मराठी बोलतात, आणि त्यांची कौदी आता अमेरिकेतल्या क्विल्टवाल्या बाया मन लावून शिकतात. त्या बाईने आम्हाला कोपऱ्यावरची त्रिकोणी 'फुला' कशी दुमडायची ते समजावून सांगितलं. धारवाडची बिचारी लहानपणापासून ज्या कौदीवर झोपली, तिचे धडे केंटकीत घेत मान डोलावत होती. परतीच्या वाटेवर दीड तास ती गप्प होती, मग म्हणाली, "फुला मात्र बरोबर घालत होती हं."

आमच्यात सगळ्यांत मोठ्या सांगलीच्या काकू. वय ८१. आम्हाला धावदोरा त्यांनीच बसवून दिला. त्यांचा टाका तांदळाच्या दाण्यासारखा, आखूड, जरासा तिरका, ओळीत सगळे सारखे. गेल्या दोन वर्षांत त्यांना सुईचं भोक दिसेनासं झालंय. त्या येण्याआधी आम्ही वीस सुयांत दोरे ओवून त्यांच्या उशीत टोचून ठेवतो. त्यांनी कधी विचारलं नाही की दर वेळी सगळ्या सुया ओवलेल्या कशा, आणि आम्हीही कधी सांगितलं नाही. दाणे आता लांब झालेत, ओळ मधेच खाली उतरते. ती कुणी उसवायची नाही, हे न बोलता ठरलेलं.

महिन्याभरापूर्वी काकूंच्याच पणतीसाठी दुपटं घेतलं होतं. एक ओळ फारच भरकटली होती. पोरीचं बोट अडकेल म्हणून पुण्याच्या मैत्रिणीने काकू गेल्यावर ती गुपचूप उसवली आणि तांदळाचे दाणे घालायला दीड तास बसली. आखूड, जरासे तिरके, अगदी हुबेहूब. आम्ही सगळ्यांनी बघितले, शाबासकी दिली.

पुढच्या गुरुवारी काकू आल्या, दुपटं मांडीवर घेतलं, तळहाताने कडेकडेने चाचपत गेल्या. त्या ओळीशी हात थांबला. मागे आला, पुन्हा पुढे गेला.

"हा कुणी घातला गं?"

"अगंबाई, सुई पडली वाटतं," पुण्याची म्हणाली. आम्ही आठही जणी कार्पेटवर वाकून शोधायला लागलो.