लाट कुणाची? : ‘द एंडलेस समर’ या चित्रपटाची चिकित्सा

ब्रूस ब्राउन या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘द एंडलेस समर’ हा माहितीपट १९६६ साली अमेरिकेतील चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. त्याआधी दोन वर्षे ब्राउन स्वतः तो गावोगाव घेऊन हिंडत होता. सुमारे ५० हजार डॉलरांत झालेला हा चित्रपट पुढे इतका गाजला की सर्फिंगवरील चित्रपटांचा तो आदिग्रंथ मानला जातो. २००२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-संग्रहसूचीत त्याची नोंद झाली. सर्फिंग म्हणजे फळीवर उभे राहून फुटत्या लाटेवरून घसरत किनाऱ्याकडे येणे. माइक हिन्सन आणि रॉबर्ट ऑगस्ट हे कॅलिफोर्नियाचे दोन तरुण १९६३-६४ मध्ये फळ्या घेऊन जगभर फिरतात. एका गोलार्धात हिवाळा आला की दुसऱ्या गोलार्धात जायचे, म्हणजे उन्हाळा कधी संपणारच नाही, अशी ही कल्पना. सेनेगल, घाना, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ताहिती आणि हवाई असा त्यांचा प्रवास होतो.

या चित्रपटाविषयी रूढ मत असे की, तो निष्पाप आहे. त्यात खलनायक नाही, राजकारण नाही. समुद्र, ऊन आणि तारुण्य एवढेच आहे. छायाचित्रण खरोखरच सुंदर आहे आणि ते मी नाकारीत नाही. लाटेच्या पोटातून फळी सरळ निघते तेव्हा मनाला होणारा आनंद खोटा नसतो. परंतु ‘निखळ आनंद’, ‘शुद्ध कलानुभव’ हे शब्द कानी आले की आपल्याकडच्या वाचकाने थोडे थांबावे असे मला वाटते. दलित साहित्यालाही ‘यात कला कमी आणि प्रचार जास्त’ असे सांगणारे समीक्षक याच शब्दांचे वजन वापरीत आले आहेत. आनंद निखळ असतो म्हणजे काय? त्याची किंमत दुसऱ्या कुणी दिलेली असते आणि ती चौकटीबाहेर ठेवलेली असते, एवढाच त्याचा अर्थ असेल, तर चौकटीबाहेर काय राहिले हे पाहणे हे समीक्षेचे पहिले काम ठरते.

चित्रपटाचा घानामधला भाग घ्या. आक्राजवळच्या एका कोळी वस्तीच्या किनाऱ्यावर हे दोघे उतरतात. निवेदक स्वतः ब्राउन आहे. येथे यापूर्वी कुणी सर्फिंग केलेलेच नाही, हे दोघेच पहिले, असे तो आपल्याला सांगतो. गावकरी गोळा होतात, मुले फळ्यांभोवती गर्दी करतात आणि निवेदक त्यांच्यावर हलकेफुलके विनोद करीत राहतो. पाहुण्यांनी मागासलेल्यांना नवा खेळ शिकविला, असा एकूण सूर आहे. पण त्याच दृश्यांत कोळ्यांच्या लांब होड्या फुटत्या लाटांतून ये-जा करताना दिसतात. कॅमेरा त्या टिपतो, पण निवेदकाला त्यांचा अर्थ लागत नाही.

हा चित्रपट मी आमच्या महाविद्यालयात काही विद्यार्थ्यांना दाखविला, तेव्हा किनाऱ्याकडच्या एका मच्छीमार घरातल्या मुलाने विचारले, “सर, ही माणसं रोज होडी घेऊन त्या लाटा ओलांडतात. मग लाट यांना शिकवायची कुणी?” या एका प्रश्नात जे आहे ते चित्रपटाच्या निवेदनात कोठेही नाही.

आता इतिहास काय सांगतो ते पाहू. १६४० च्या सुमारास मायकेल हेमरसाम नावाचा एक जर्मन मनुष्य डच कंपनीच्या नोकरीत गोल्ड कोस्टवर, म्हणजे आजच्या घानाच्या किनाऱ्यावर होता. तेथील आईबाप मुलांना फळ्यांना बांधून पाण्यात सोडतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याला ते पोहण्याचे शिक्षण वाटले. पुढे १८३० च्या दशकात जेम्स अलेक्झांडर या ब्रिटिश प्रवाशाने आक्रा येथे मुले पोटाखाली हलक्या फळ्या घेऊन समुद्रात पोहत जातात, मोठ्या लाटेची वाट पाहतात आणि तिच्या माथ्यावरून किनाऱ्याला येतात, असे वर्णन केले. केव्हिन डॉसन या इतिहासकाराने २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हे पुरावे एकत्र मांडले आणि पश्चिम आफ्रिकेत लाटेवर स्वार होण्याची विद्या स्वतंत्रपणे वाढलेली होती, हे दाखवून दिले. म्हणजे कॅलिफोर्नियात कुणाला सर्फिंग ठाऊकही नव्हते, तेव्हा आक्राची मुले लाटेवर होती.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती होड्यांची गोष्ट. त्या किनाऱ्यावर नैसर्गिक बंदरे फारशी नव्हती. युरोपची जहाजे खोल पाण्यात नांगर टाकीत आणि किनाऱ्यापर्यंत येण्याची त्यांची छाती होत नसे, कारण मधल्या फुटत्या लाटांत त्यांच्या स्वतःच्या होड्या उलटत. माल आणि माणसे ने-आण करीत ते फान्ते आणि गा या जमातींचे नावाडी, खोडातून कोरलेल्या होड्यांतून. लाटांचा मेळ कधी येतो, त्यांच्यात खंड कधी पडतो, वल्ही केव्हा थांबवायची आणि केव्हा जीव तोडून मारायची, हे ज्ञान त्यांच्या अंगात मुरलेले होते. व्यापारी कंपन्या एल्मिना आणि केप कोस्टचे नावाडी मुद्दाम भाड्याने घेऊन दूरच्या किनाऱ्यांवर नेत, कारण या कामात त्यांच्या तोडीचे कुणी नव्हते. येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. याच होड्यांतून बंदिस्त केलेले काळे स्त्रीपुरुष गुलामांच्या जहाजांपर्यंत नेले गेले. शोषितांचे कौशल्य शोषणाच्याच यंत्राला कसे जुंपले जाते, याचे हे उदाहरण आहे. ते लपविले तर आपलीही चिकित्सा अपुरी राहील.

ही होडीवाहतूक विसाव्या शतकातही चालू होती. टाकोराडीचे बंदर १९२८ साली झाले; आक्राला मात्र टेमाचे नवे बंदर १९६२ साली सुरू होईपर्यंत माल लाटांतून होड्यांनीच उतरत होता. ब्राउनचा कॅमेरा तेथे पोचला तो त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत. ज्यांचे आयुष्य लाटांतून माल वाहण्यात गेले असे नावाडी तेव्हा त्या शहरात हयात होते. त्या किनाऱ्यावर उभे राहून ‘येथे लाटेवर कुणी स्वार झालेले नाही’ असे म्हणणे हे केवळ अज्ञान नव्हे. श्रमातले ज्ञान हे ज्ञानच नव्हे, ही त्यामागची धारणा आहे. पोटासाठी लाट ओलांडली तर ती हमाली. मौजेसाठी ओलांडली तर ती कला, क्रीडा, संस्कृती.

ही धारणा आपल्याला परकी नाही. माझ्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. माझे आजोबा विहिरी खोदण्याच्या कामावर जात. पहारीचा आवाज ऐकून खाली कातळ आहे की पाझर, हे ते सांगत. पण विहिरीला पाणी लागले, तिची पूजा झाली, की त्याच पाण्याला शिवण्याचा अधिकार त्यांना उरत नसे. त्यांच्या त्या जाणकारीला गावात कुणी विद्या म्हटले नाही. म्हणून घानाच्या त्या होड्यांवरून निवेदकाची नजर निसटून जाते, तेव्हा ती कोणत्या सवयीने निसटते हे मला कुणी समजावून द्यावे लागत नाही.

घानाविषयी आणखी एक. १९५७ साली स्वतंत्र झालेला हा देश त्या काळी काळ्या जगाच्या आशेचे केंद्र होता. अमेरिकन निग्रोंचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस तेथे जाऊन राहिले आणि ऑगस्ट १९६३ मध्ये आक्रा येथेच वारले. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडील निग्रोंच्या अर्जाविषयी पत्र लिहिले होते ते याच ड्यू बॉइस यांना. त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच दोन अमेरिकन तरुण आक्राला येतात आणि त्यांना तेथे दिसते ती फक्त गवताची झोपडी आणि हसणारी मुले. ज्या देशातून ते आले तेथे तेव्हा नागरी हक्कांचा लढा पेटलेला होता. चित्रपटाचा उन्हाळा या कशानेही तापत नाही.

दक्षिण आफ्रिकेत तर हे मौन बोलके होते. ही मंडळी तेथे होती त्या सुमारास रिव्होनिया खटला चालू होता. जून १९६४ मध्ये नेल्सन मंडेलांना जन्मठेप झाली. १९५३ च्या स्वतंत्र सुविधा कायद्याने समुद्रकिनारेही वर्णानुसार वाटले गेले होते. डर्बनच्या किनाऱ्यावर गोऱ्यांचा पट्टा वेगळा, आफ्रिकनांचा वेगळा, मिश्रवर्णीयांचा वेगळा आणि भारतीयांचा वेगळा. यावर चित्रपटात काय आहे? शार्क आणि डॉल्फिन यांचे या देशात अजून एकत्रीकरण झालेले नाही, अशा अर्थाचा एक विनोद. प्रेक्षक हसतात आणि दृश्य बदलते. हा विनोद वाईट अशासाठी की तो करणाऱ्याला सर्व ठाऊक आहे. ठाऊक नसते तर विनोदच सुचला नसता. तेव्हा चित्रपट निष्पाप आहे हे म्हणणे येथे संपते. पाणी अडविण्याचा कायदा आणि पाणी बाटविण्याची रूढी यांत फरक असेल, पण २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्यांच्या वारसांना हा विनोद हसविणार नाही.

या मौनाची किंमत पुढे सर्फिंगच्या जगालाच मोजावी लागली. एडी आयकाऊ हा हवाईचा मूळनिवासी, मोठ्या लाटांवरचा विख्यात सर्फर. १९७० च्या दशकाच्या आरंभी तो स्पर्धेसाठी डर्बनला गेला, तेव्हा रंगामुळे त्याला हॉटेलात जागा नाकारली गेली. ज्या लोकांनी हा खेळ जगाला दिला त्यांच्यातल्याच माणसाला! हवाईचे राज्य १८९३ मध्ये उलथून टाकले गेले, १८९८ मध्ये ते अमेरिकेने गिळले आणि मग त्यांचा खेळ तेवढा जगभर नेला. १९८५ साली टॉम कॅरल, टॉम करेन आणि मार्टिन पॉटर या आघाडीच्या खेळाडूंनी दक्षिण आफ्रिकेतील स्पर्धांवर बहिष्कार टाकला. कॅरल तेव्हा दोनदा विश्वविजेता झालेला होता. खेळात राजकारण नको, असे त्यांनाही सांगितले गेलेच. डर्बनचे किनारे १९८९ साली सर्वांना खुले झाले आणि तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला. म्हणजे गोऱ्या सर्फरलाही पाटी दिसू शकते. ती पाहायची की नाही, हा निवडीचा प्रश्न असतो. ब्राउनने न पाहण्याची निवड केली, असेच म्हणावे लागते.

कुणी म्हणेल, साठ वर्षांपूर्वीच्या चित्रपटाला आजची फूटपट्टी का लावता? मी लावलेली फूटपट्टी त्याच काळातली आहे. आक्रा, डर्बन आणि अलाबामा त्याच वर्षांत बोलत होते.

आणि प्रश्न जुनाही झालेला नाही. डाकारजवळच्या न्गोरची लाट या चित्रपटाने जगप्रसिद्ध केली. न्गोर हे लेबू या मच्छीमार समाजाचे गाव. आज त्याच समाजातली खाजू सांब ही सेनेगलची पहिली व्यावसायिक स्त्री सर्फर म्हणून ओळखली जाते. तिलाही सुरुवातीला घरच्यांनी अडविले होते. बाईने लाटेवर जाणे त्यांना लाजिरवाणे वाटत होते. म्हणजे किनाऱ्यावरची माणसे एकजिनसी नसतात. त्यांच्यातही वरचा-खालचा असतो, आणि स्त्री पुष्कळदा सर्वांत खाली असते. आपल्या वस्त्यांविषयी आपणही हे विसरू नये. दुसरीकडे, नायजेरियात लागोसजवळचे टार्क्वा बे हे तेथील तरुण सर्फरांचे माहेरघर. जानेवारी २०२० मध्ये तेलवाहिन्यांच्या चोरीचे कारण सांगून नौदलाने तेथील हजारो रहिवाशांना घरांतून हुसकावून लावले. ज्याला घर नाही त्याची लाट किती दिवस टिकणार? दक्षिण आफ्रिकेतील केप सेंट फ्रान्सिसची ‘परिपूर्ण लाट’ तर या चित्रपटाचा कळस. त्या परिसरात पुढे सुट्टीतली घरे उठली, सरकती वाळू झाडे लावून बांधून टाकली गेली, लाटेला लागणारी वाळू आटली आणि ती लाट आता क्वचितच फुटते. शोध लावणाऱ्यांच्या मागोमाग जमीन घेणारे येतात.

म्हणून हा चित्रपट पाहू नये, असे मी म्हणणार नाही. नकार हे आपले शस्त्र आहे, पण पाहण्यालाच नकार देऊन ते चालविता येत नाही. आपल्या मुलांना तो जरूर दाखवावा. मात्र निवेदकाचा आवाज थोडा कमी करावा आणि पडद्याच्या कडेला लक्ष ठेवायला सांगावे. फळ्यांवरचे दोघे मध्यभागी असतात. त्यांच्या मागून, कसलेही संगीत नसताना, एक लांब होडी फुटत्या लाटेवरून वल्ही आवरीत किनाऱ्याला लागते. ती चालविणाऱ्यांची नावे चित्रपटाने विचारली नाहीत. आपल्याकडे लिहू लागलेल्या मच्छीमारांच्या, पाथरवटांच्या, विहिरी खोदणाऱ्यांच्या मुलांनी ती विचारावीत आणि आधी आपापल्या घरातली लिहून काढावीत.