खुर्चीच्या पाठीवरचं गाव

सप्टेंबर 2021मध्ये क्रीडा पत्रकार सुनंदन लेले यांनी मँचेस्टरजवळच्या आल्ट्रिंगमहून एक छोटा व्हिडिओ टाकला. एका उपाहारगृहाबाहेर घडीची लोखंडी खुर्ची मांडलेली आणि तिच्या पाठीवर देवनागरीत रंगवलेलं : बाळू लोखंडे, सावळज. हे सावळज सांगलीच्या तासगाव तालुक्यातलं. लोखंडे यांचा मंडपाचा व्यवसाय; प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या तशा या जुन्या खुर्च्या त्यांनी भंगारात विकून टाकल्या होत्या. बातमी गंमत म्हणून सगळीकडे फिरली. मला मात्र ती खुर्ची कवितेसारखी थांबून वाचावीशी वाटते.

किती थोडा मजकूर! प्रोप्रायटर नाही, फोन नंबर नाही. माणूस आणि गाव, बस्स. लग्नानंतर मांडव उतरताना दोघा मंडपवाल्यांचं सामान एकमेकांत मिसळतं, चार खुर्च्या शेजारच्या आळीत राहून जातात. त्या घरी परत याव्यात, एवढ्यासाठी ही अक्षरं. पंचक्रोशीत तेवढा पत्ता पुरतो.

शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईसारख्या भीमाकाठच्या गावात घर आवरताना अशी खुर्ची निघाली, की प्रश्न एकच : ठेवायची की द्यायची? भंगारवाला तिला तागडीत घालणार. आपण तिला आधी नीट वाचावं. सपाट फरशीवर उघडून चारही पाय टेकतात का पाहावं. मग बसून मागे रेलावं. कात्रीसारख्या सांध्यातलं रिबीट झिजून खुर्ची डुगडुगत असेल, तर वेल्डिंगवाला ते बदलून देतो. पण सांध्याजवळची पट्टीच चिरली असेल, तर तिच्यावर माणूस बसवू नये. ती खुशाल द्यावी. रंग कुठे उडालाय तेही बघावं. पाठीच्या वरच्या कडेला, जिथे धरून ती उचलली जाते, आणि बैठकीच्या पुढच्या काठाला लोखंड गुळगुळीत झालं असेल, तर ती झीज माणसांची. किती पंगती, किती सभा, किती दहावे त्या काठावर बसून गेले असतील! हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

चंदीगडच्या सरकारी कार्यालयांसाठी 1950च्या दशकात पिअर जानरे यांच्या आराखड्यावरून केलेल्या सागवानी खुर्च्याही अशाच निकामी ठरून लिलावात गेल्या आणि पुढे परदेशात मोठ्या किमतीला विकल्या गेल्या. त्यांच्यावर खात्याची आद्याक्षरं आणि नोंदीचे आकडे रंगवलेले असत. खुर्ची अस्सल आहे का हे तपासताना जाणकार आज ती अक्षरं शोधतात. मंडपाच्या खुर्चीला तसली किंमत कुणी देणार नाही. पण तिची ओळखही अक्षरांतच आहे, आणि आपण नेमकी तीच खरवडून वर नवा ऑइलपेंट मारतो. याचं मला फार वाईट वाटतं.

गंज पॉलिश पेपरने काढावा, पायांना रेड ऑक्साइड लावावं, सांध्यात तेल सोडावं. नावावरून फक्त ओलं फडकं फिरवावं. आणि ते नाव अजून वाचता येत असेल, तो मंडपवाला किंवा त्याची मुलं गावात असतील, तर खुर्ची आपली म्हणण्याआधी त्यांना विचारावं. ती विकलेली होती की परत जायची राहून गेली होती, हे तेच सांगतील.