मुखवट्याआडची ‘मी’ : अदिती मित्तल यांचा एकपात्री विनोद

विनोद करणारी स्त्री आणि विनोदाचा विषय झालेली स्त्री यांतील अंतर आपल्या रंगपरंपरेत फार मोठे आहे. तमाशाच्या गौळणीतील मावशी ही फटकळ, निर्भीड व प्रौढ स्त्री खरी. परंतु परंपरेने ती वठविली पुरुष सोंगाड्याने. पुण्याचे आर्यभूषण थिएटर असो वा गावोगावचे फड, स्त्रीच्या वाट्याला प्रामुख्याने गाणे व नृत्य आले. अदिती मित्तल यांच्या कामगिरीचे मोल या पार्श्वभूमीवर ठरविले पाहिजे.

नाट्यकथेचा आधार न घेता, एकट्याने उभे राहून स्वतःच्या नावाने बोलावयाचे, हा ‘स्टँड-अप’ या प्रकाराचा विशेष होय. हा इंग्रजी प्रकार मुंबईत रुजू लागला तेव्हा त्यात उतरलेल्या अगदी पहिल्या स्त्रियांत मित्तल यांची गणना होते. त्यांचा ‘थिंग्ज दे वुडन्ट लेट मी से’ हा प्रयोग २०१७ साली नेटफ्लिक्सवर आला. ‘ते’ आणि ‘मी’ यांचा विरोध शीर्षकातच आहे. मात्र या ‘मी’चे उच्चारण सर्वत्र एकसारखे नाही.

प्रयोगातील ‘डॉ. मिसेस लुचुके’ ही वयस्क लैंगिक-सल्लागार बाई पाहावी. ‘डॉक्टर’ ही उपाधी तिला विषयाचा अधिकार देते, ‘मिसेस’ ही उपाधी सभ्यतेचे प्रमाणपत्र देते, आणि पांढरे केस उरलेला संकोच दूर करतात. तरुण स्त्रीच्या मुखी जे अशिष्ट ठरले असते, ते येथे वडीलकीचा सल्ला म्हणून खपते. ही युक्ती नवी नव्हे. अमेरिकेत जॅकी ‘मॉम्स’ मेबली यांनी बोळक्या म्हातारीचे सोंग घेतले. १९५५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘पर्पल अनियन’ या क्लबात पदार्पण करणाऱ्या फिलिस डिलर यांनी पुढे विस्कटलेल्या केसांची, गबाळ्या गृहिणीची प्रतिमा स्वीकारली. स्त्रीला बोलण्याची मुभा मिळाली, ती आधी स्त्रीसुलभ आकर्षणाचा त्याग केल्यावर!

परंतु मुखवट्याची किंमतही असते. लुचुकेबाईंच्या देशी वळणाच्या इंग्रजी उच्चारांवर जे हसू उमटते, त्यात इंग्रजीत रुळलेल्या श्रोत्यांची श्रेष्ठत्वभावना मिसळलेली असते. तेथे ‘त्यांनी’ घातलेले बंधन बाजूस राहते आणि हास्य पुन्हा एका बाईवरच येऊन पडते. याउलट सॅनिटरी नॅपकिनसारख्या विषयावर मित्तल स्वतःच्या नावाने बोलतात, तेव्हा कुजबुजीत बोलावयाचा शब्द मोठ्याने उच्चारणे हीच विनोदाची कृती ठरते. हसू येते ते समाजाच्या संकोचाचे. कलादृष्ट्या लुचुकेबाई अधिक घाटदार आहेत; तथापि ऐतिहासिक महत्त्व या उघड्या प्रथमपुरुषाचे अधिक आहे.

मावशीची वाणी स्त्रीने आपल्याकडे घेतली, ही पहिली पायरी. सोंगाविना ती पेलणे ही दुसरी, आणि अधिक अवघड. मित्तल यांच्या प्रयोगात या दोन्ही पायऱ्या एकत्र दिसतात; म्हणूनच केवळ ‘पहिल्या स्त्रियांपैकी एक’ म्हणून त्यांची नोंद करून अभ्यासकाला थांबता येणार नाही.