मंकीज पॉ, द

मंकीज पॉ, द : (माकडाचा पंजा). इंग्रजी भयकथा. लेखक विल्यम वायमार्क जेकब्स (१८६३–१९४३). ती १९०२ मध्ये प्रसिद्ध झाली व त्याच वर्षी *द लेडी ऑफ द बार्ज* ह्या कथासंग्रहात समाविष्ट करण्यात आली. लंडनमधील वॉपिंगच्या धक्क्यांच्या परिसरात वाढलेला जेकब्स आपल्या हयातीत मुख्यतः खलाशी, गोदीतील कामगार व धक्क्यावरील पहारेकरी यांच्याविषयीच्या विनोदी कथांचा लेखक म्हणून लोकप्रिय होता. पुढे मात्र त्याचे नाव टिकून राहिले, ते प्रामुख्याने ह्या एका कथेमुळे.

भारतात २१ वर्षे राहून परतलेला सार्जंट-मेजर मॉरिस हा व्हाइट कुटुंबाकडे माकडाचा एक वाळलेला पंजा आणतो. एका फकिराने मंतरलेल्या ह्या पंजाकडून तीन व्यक्तींना प्रत्येकी तीन इच्छा पुऱ्या करून घेता येतात. वृद्ध व्हाइट २०० पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी त्याचा मुलगा हर्बर्ट कारखान्यातील यंत्रात सापडून मरतो आणि मालकांकडून भरपाई येते, ती नेमकी २०० पौंडांची. काही दिवसांनी दुःखाने बेभान झालेली आई मुलगा जिवंत व्हावा अशी इच्छा नवऱ्याला करावयास लावते. त्याच रात्री दारावर थाप पडते.

तीन वरांची कल्पना लोककथांत जुनीच आहे. जेकब्सचे वैशिष्ट्य असे, की त्याने प्रत्येक ठिकाणी योगायोगाची वाट मोकळी ठेवली आहे. यंत्रावर अपघात होतात, कंपन्या भरपाई देतात. पंजा हातात सापासारखा वळवळला, हा वृद्धाला झालेला भासही असू शकेल. जाणीवपूर्वक ठेवलेल्या ह्या संदिग्धतेमुळे अविश्वासू वाचकालाही कथेपासून दूर उभे राहता येत नाही. प्रारंभीचे बुद्धिबळ, शेकोटी व बापलेकांची थट्टा यांतील चित्रण विनोदी लेखकाचे आहे. पैसे पलंगावर पिशवीत बांधलेले सापडतील, असे हर्बर्ट हसत म्हणतो, आणि पुढे हीच थट्टा वाचकाला बोचू लागते.

भयाचे मुख्य साधन म्हणजे लेखकाने राखलेले मौन. पंजाच्या पहिल्या मालकाने तिसरी इच्छा मृत्यूची केली, एवढेच मॉरिस सांगतो. पहिल्या दोन कोणत्या, हे त्यालाही ठाऊक नाही. स्वतःच्या इच्छांविषयी तो बोलत नाही. हर्बर्टचा देह कसा झाला होता, याचे वर्णन नाही. केवळ कपड्यांवरून त्याची ओळख पटली, असे बाप नंतर एका वाक्यात सांगून जातो. दाराबाहेर काय उभे असेल, याचा अंदाज वाचक ह्या एका वाक्यावरूनच बांधतो. थाप इतक्या उशिरा का पडली, याचा उलगडा आई करते तो दफनभूमीचे अंतर आठवून : ती दोन मैलांवर आहे. अद्‌भुताला असा रोकडा हिशेब लावल्याने त्याची भीषणता वाढते.

अखेरच्या प्रसंगात मेणबत्ती विझते, जिना करकरतो, हातातील काडी विझते आणि मग पहिली थाप ऐकू येते. येथून सारे काही ध्वनींवर चालते. साखळी निघते, खालची कडी सरकते. वरच्या कडीला हात पोहोचत नाही म्हणून आई खुर्ची ओढते. बाप अंधारात जमिनीवर पंजा चाचपडत राहतो. मात्र हा प्रसंग निव्वळ रहस्य ताणण्यापुरता नाही. आईला आपला मुलगा हवा आहे. बापाला ठाऊक आहे, की बाहेर आहे तो मुलगा म्हणून घरात घेता येणार नाही. दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि कथा कोणाचीच बाजू घेत नाही. बापाची तिसरी इच्छा शब्दांत दिलेलीच नाही. थापा थांबतात, दार उघडते, समोर दिव्याच्या प्रकाशात ओस रस्ता. आईचा आक्रोश भीतीचा नसून निराशेचा आहे, हे विशेष लक्षणीय होय.

मानवी जीवनावर नियतीची सत्ता असते, हे दाखविण्यासाठी फकिराने पंजा मंतरला, हे मॉरिसच्या तोंडचे स्पष्टीकरण मात्र कथेच्या मानाने ढोबळ आहे. तसेच अद्‌भुताचा उगम भारतात व फकिरात शोधणे हा तत्कालीन इंग्रजी कथांतील एक सोयीस्कर संकेतच. भारताविषयी ह्या कथेत याहून अधिक काही नाही.

लुई एन. पार्करने १९०३ मध्ये ह्या कथेचे नाट्यरूपांतर केले. पुढे चित्रपट व दूरचित्रवाणी यांसाठीही तिची रूपांतरे झाली. दाराबाहेरची आकृती प्रत्यक्ष दाखविण्याचा मोह दृश्य माध्यमाला होणे स्वाभाविक आहे. परंतु ती दिसताच तिला एक निश्चित रूप येते, आणि मूळ कथेत प्रत्येक वाचक आपापल्या परीने जे पाहतो, त्याची बरोबरी हे रूप करू शकत नाही.