पोस्टात न पडलेली पत्रं

नगरच्या भुईकोट किल्ल्यात नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे आपण शाळेत शिकतो. त्याच बंदिवासात मौलाना आझादांनीही एक पुस्तक लिहिलं, ‘गुबार-ए-खातिर’. मित्राला लिहिलेली ही पत्रं. पत्रव्यवहाराला बंदी असल्याने ती पोस्टात पडलीच नाहीत. १९४६ साली त्यांचं पुस्तक झालं.

चहा, चिमण्या, संगीत असे विषय आणि देखणं उर्दू गद्य. समीक्षक त्यातल्या निवांतपणाचं कौतुक करतात. मला मात्र हा निवांतपणा खटकतो, कारण तो लादलेला आहे. ऑगस्ट १९४२मध्ये पकडलेल्या या नेत्यांवर खटलाच चालला नाही. आरोपपत्र नाही, साक्षीपुरावे नाहीत, सुटकेची तारीख नाही. एप्रिल १९४३मध्ये आझादांच्या पत्नी कलकत्त्यात वारल्या, तेव्हाही ते नगरलाच होते.

याच्या शेजारी त्यांचं ‘कौल-ए-फैसल’ ठेवून वाचा. १९२२ साली कलकत्त्यात त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, त्यातलं हे लेखी निवेदन. न्यायालयांवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि ते तसं त्यात स्पष्ट लिहितात. शिक्षाही झालीच, एक वर्षाची. पण सरकारला आरोप मांडावा लागला आणि आरोपीला उत्तर देता आलं. नगरच्या पत्रांना उत्तर देणारं कुणी नाही. लेखक तोच, पण समोरचा ऐकणारा गेला.

‘दहशतवाद्यांना कसले आलेत हक्क?’ हा प्रश्न मला इथून बघावासा वाटतो. आझाद आणि कसाब यांची बरोबरी होऊच शकत नाही. प्रश्न एवढाच, की सरकारचा दावा कुणी तपासायचा? राज्यघटनेचं २१वं कलम ‘नागरिक’ नाही, ‘व्यक्ती’ म्हणतं. म्हणून पाकिस्तानी कसाबलाही वकील मिळाला. मे २०१०मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली आणि नोव्हेंबर २०१२मध्ये येरवड्यात ती अमलात आली. खटल्यामुळे तो सुटला नाही.

पण त्याच निकालात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोन भारतीय आरोपी निर्दोष सुटले. फहीमने काढलेला म्हणून जो नकाशा मारल्या गेलेल्या हल्लेखोराच्या खिशात सापडल्याचं सांगितलं गेलं, तो पुरावा न्यायालयाला पटला नाही. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांनीही ही सुटका कायम ठेवली. याउलट, कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितली ही गोष्ट आपण सगळ्यांनी बिनदिक्कत गिळली. ती आपण रचली होती, असं सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ साली स्वतःच सांगितलं. न्यायालयात नकाशा तपासला गेला. बाहेर बिर्याणी कुणी तपासली नाही. खटला आपल्याला हवा असतो तो यासाठी, आरोपीवर उपकार म्हणून नव्हे.

२६/११नंतर महिन्याभरात यूएपीए कायदा कडक झाला. पोलिसांचे आरोप सकृद्दर्शनी खरे वाटले, तरी जामीन नाकारावा लागतो. त्यामुळे खटल्याचा हक्क कागदावर राहतो आणि निकालाआधीच माणसाची कित्येक वर्षं तुरुंगात जातात. त्या वर्षांत तो काय लिहीत असेल, हे ‘गुबार-ए-खातिर’ वाचताना कळतं. हे पुस्तक चहासाठी आणि चिमण्यांसाठी जरूर वाचा. पण आझादांना चिमण्यांवर का लिहावं लागलं, हेही विचारा.